भरल्या पॅनचा चार्ज

सांगलीच्या कॉलेजात मी सारा जन्म इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटतेय! आता लोक नोकरीचे अर्ज घेऊन दारात उभे. मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्स येतात, पलटणीतून सुटून आलेले फौजी येतात, पुण्याला निघालेली पोरं येतात. सगळ्यांचं दुखणं एकच, भूतकाळ. सोडलेल्या नोकरीबद्दल ‘आय अ‍ॅम वर्किंग’ लिहितील, चालू नोकरीबद्दल ‘आय वर्क्ड’ लिहितील, आणि दोन्हीचा भरवसा वाटेना की ‘वॉज वर्किंग’ ठोकून मोकळे. मी व्याकरण काढतच नाही. सरळ विचारते, “काम संपलं की चालू आहे?” माणूस उत्तर देतो, वाक्य तयार होतं, चहा पिऊन माणूस रस्त्याला लागतो.

या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येईना असा एकच माणूस मला भेटला. लालासाहेब.

त्यांची मुलगी अंकिता आमच्या गल्लीतल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. तीच त्यांना घेऊन आली. आष्ट्याजवळचं गाव, पन्नाशी उलटलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने ठिपके. साखर कारखान्यात हंगामी पॅनमन. उसाचा रस आटवून ज्यात साखरेचा दाणा पाडतात तो घराएवढा बंद हंडा म्हणजे पॅन, आणि त्याला सांभाळणारा तो पॅनमन. बाविसाव्या हंगामात त्यांचा कारखाना अर्ध्यावर बंद पडला. त्याला दोन हंगाम होऊन गेले होते. सध्या गृहस्थ आष्ट्यातल्या एका मंगल कार्यालयात गाड्या लावून घ्यायचं काम करत होते.

“काम म्हंजे काय, जरा मदत करतोय त्येंला,” ते म्हणाले.

“पगार घेता ना?”

“घेतोय की.”

“मग ती नोकरी झाली. मदत कसली?”

अंकिता खुदकन हसली. ते नाही हसले.

प्रकरण असं होतं. टांझानियातल्या एका साखर कारखान्याला पॅनमन हवे होते. आपल्याकडचे साखरेतले पुष्कळ लोक आफ्रिकेत आहेत. साताऱ्यात सयाजी नावाचा एक माणूस आहे, पूर्वी स्वतः कारखान्यात केमिस्ट होता, तो इथली माणसं तिकडे मिळवून देतो. लालासाहेबांनी त्याच्याकडे अर्ज दिला होता. अर्जाची पहिलीच ओळ: ‘आय अ‍ॅम वर्किंग अ‍ॅज पॅनमन.’ कंपनीच्या वतीनं चौकशी करणाऱ्या कुणीतरी कारखान्याच्या गेटवर फोन लावला. फोन पहारेकऱ्यानं उचलला. तो म्हणाला, “कवाचा बंद हाय. हितं आता मी हाय आन् कुत्री हायती.” झालं. लालासाहेबांच्या नावापुढे ‘खोटी माहिती’ असा शेरा पडला आणि नाव कटलं.

मग एकानं ऐन वेळी माघार घेतली आणि जागा पुन्हा मोकळी झाली. सयाजीनं गळ घातली म्हणून कंपनी लालासाहेबांना आणखी एकदा विचारायला तयार झाली. गुरुवारी साताऱ्याला मुलाखत, आणि सोबत नवा अर्ज, खरा. ही खेप गेली की पुढच्या वर्षी त्यांचं वय कंपनीच्या मर्यादेबाहेर जाणार होतं. म्हणजे पॅनसमोर पुन्हा उभं राहायची ही शेवटची संधी, नाहीतर मग जन्मभर लग्नातल्या गाड्या.

“मुद्द्याचं बोलू,” मी म्हटलं. “कारखाना बंद. तुम्ही तिथं काम केलंत, संपलं. म्हणून ‘आय वर्क्ड’. कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, ते पुढे. लिहा.”

पेन हातात धरून ते बसून राहिले.

“लिहा ना.”

“बाई, दुसरा कुठला काळ न्हाई का?”

“आहेत की. ‘आय हॅव बीन वर्किंग’ आहे. म्हणजे मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “हे बेस हाय! हेच लिवा.”

“अहो, पण चालू कुठाय? तुमचा पहिला खोटेपणा तीन शब्दांत होता, हा चार शब्दांत होईल एवढंच.”

“बाबा, ऐका की बाईंचं,” अंकिता म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. “चिमणी थंड पडलीय, मशिनं गंजली. संपलंय ते. सगळ्या गावाला कळतंय, तुमालाच कळंना.”

“तुला काय कळतंय गं कारखान्यातलं?” ते ओरडले. मग माझ्याकडे बघून ओशाळले, पेन टेबलावर ठेवलं आणि उठून निघूनच गेले.

माझं डोकं फिरलं. असली नाटकं मला सोसत नाहीत. अंकिताला मी स्पष्ट सांगितलं, “तुझ्या बाबांना जायचंच नसेल तर माझा वेळ घेऊ नकोस.”

“जायचंय हो बाई. झोपेत हात हलवतात, पॅनच्या वाफेचा कॉक फिरवल्यासारखे.” मग तिनं सगळं सांगितलं, आणि मला पहिल्यांदा काहीतरी उमगलं.

पॅनवरचा एक रिवाज आहे. पाळी सुटली म्हणून पॅनमन हात पुसून निघून जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहतो. मग पॅनमध्ये काय आहे, दाणा कुठवर आलाय, वाफ किती आहे, हे तोंडानं सांगायचं. समोरच्यानं ‘घेतला’ म्हणायचं. मगच पाळी सुटते. याला चार्ज देणं म्हणतात. पुढचा माणूस आला नाही तर पहिल्यानं थांबायचं, मग घरी बारसं असो की मयत. उकळता पाक वाऱ्यावर सोडून उठणारा पॅनमन त्या लोकांत तोंड दाखवू शकत नाही.

कारखाना बंद पडला त्या दिवशी लालासाहेबांची पाळी होती. पॅन भरलेला, दाणा नुकता बसलेला. दुपारी वाफ पडत पडत गेली आणि बंद झाली. त्यांच्यानंतर पाळीवर यायचा होता तानाजी, त्यांच्याच गावचा, लहानपणापासूनचा दोस्त. तो आलाच नाही. बाकीचे एकेक करून घरी गेले. लालासाहेब दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत तिथं उभे होते. पॅनमधला पाक त्यांच्या डोळ्यांदेखत गार होऊन दगडासारखा बसला. शेवटी अंकिता आणि तिची आई जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. त्या दिवसापासून लालासाहेब आणि तानाजी एकमेकांशी बोललेले नव्हते.

“म्हणजे तुझ्या बाबांची पाळी अजून सुटलेलीच नाही,” मी म्हटलं.

“तसंच धरून बसलेत.”

बुधवारी मी लालासाहेबांना फोन केला. अर्ज टाइप करून तयार होता, फक्त पहिली ओळ सोडली होती. त्यांच्या तोंडून आल्याशिवाय मी ती लिहिणार नव्हते. खोटं तर नाहीच, आणि खरंही त्यांच्या वतीनं नाही. वीस मिनिटं तेच गुऱ्हाळ चाललं. शेवटी मी वैतागून म्हटलं, “कुणाला द्यायचा होता तो चार्ज? तानाजीला ना? मग जा, देऊन टाका एकदाचा आणि मोकळे व्हा!”

पलीकडून “बरं,” म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, रागावले. रागावू देत.

गुरुवारी सकाळी मी माझी जुनी गाडी काढली. एस.टी.नं पाठवलं तर हा माणूस मध्येच उतरून परत फिरेल अशी मला भीती होती. आष्ट्याला त्यांना घेतलं. अंकिताला सुट्टी मिळाली नव्हती. मुलाखत साडेअकराची. पेठ नाक्यावरून हायवेला लागलो आणि पाहते तर काय, रुंदीकरणासाठी रस्ता जागोजागी उकरलेला, वळवलेला, उसाच्या ट्रॉल्यांसारख्या ट्रकांच्या रांगा. मी हॉर्नवर हात ठेवूनच चालवत होते. लालासाहेब शेजारी गप्प. मांडीवर अर्जाची फाईल.

कराडच्या अलीकडे ते म्हणाले, “बाई, म्होरल्या पंपावर जरा थांबवा.”

“टाकी भरलेली आहे.”

“पेट्रोल न्हाई. काम हाय.”

“लालासाहेब, उशीर झालाय! लघवीला जायचं असेल तर साताऱ्यात जा.”

“तानाजी हाय तितं. पंपावर कामाला.”

मी त्यांच्याकडे बघितलं. माणूस माझं वैतागाचं बोलणं शब्दाला शब्द धरून बसला होता. गाडी आत घेतली, पण इंजिन चालू ठेवलं.

तानाजी जाडजूड माणूस, पंपाचा गणवेश अंगावर, एका मोटरसायकलमध्ये पेट्रोल सोडत होता. लालासाहेब त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी काच खाली केली.

“काय रं?” तानाजी म्हणाला. डोळे मीटरवर. “मयतीला आलायस का लग्नाला? शर्ट लय कडक घातलायस.”

“चार्ज द्यायचाय.”

“कसला चार्ज?”

“तीन नंबरचा.”

तानाजीनं नळी हुकाला अडकवली. मोटरसायकलवाला सुट्टे मागत होता, त्याच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. “डोकं फिरलं का रं तुझं? त्या पॅनात आता चिमण्या घरटी करत असतील.”

“तू आला न्हाईस.”

“न्हाई आलो.”

“का?”

“का म्हंजे? मला दुपारीच कळलं हुतं, बॉयलर बंद करणार म्हून. आलो असतो तर तुझ्याजागी मी उभा ऱ्हायलो असतो. मला न्हाई बघवलं असतं. बस?” तानाजीचा आवाज चढला. “तू मोठा हिंमतीचा. ऱ्हायलास उभा. म्हून काय साखर झाली व्हय?”

“न्हाई झाली.”

“मग?”

“मग काय न्हाई. मला जायाचंय. आफ्रिकेला. चार्ज दिल्याबिगर कसा जाऊ?”

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. तानाजी तिकडे वळून खच्चून ओरडला, “थांब की रं, दोन मिनिटात काय इमान चुकतंय का?” मग तो लालासाहेबांकडे वळला. मी घड्याळ बघितलं, पण हॉर्न काही मला वाजवता आला नाही.

“सांग,” तानाजी म्हणाला.

लालासाहेब ताठ झाले. “तीन नंबर पॅन. भरलेला. दाणा बसलाय, एकसारखा हाय. वाफ…” त्यांचा हात कॉक फिरवल्यासारखा हलला. “वाफ न्हाई.”

“घेतला,” तानाजी म्हणाला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं तोंड पुसलं. “जा आता, म्हातारी कवाची डोळं वटारतीया तिकडनं.”

ती म्हातारी म्हणजे मी. राग यायला वेळ नव्हता. लालासाहेब गाडीत बसले, फाईल उघडली, म्हणाले, “पेन द्या.” धक्के खाणाऱ्या गाडीत, रिकाम्या ओळीवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. ‘आय वर्क्ड.’ अक्षर वाकडं आलं.

साताऱ्यात पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. सयाजी दारातच उभा. “मॅडम, काय हे! ते लोक दोनदा येऊन गेले स्क्रीनवर. आता शेवटचं म्हणालेत. तुम्ही बाहेर बसा.”

“मी इथंच बसते,” मी म्हटलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. “तोंड उघडणार नाही.”

समोरच्या स्क्रीनवर एक काळेभोर, भरदार गृहस्थ होते, तिथले प्रॉडक्शन मॅनेजर. नाव मला नीट ऐकू आलं नाही. हसणं वगैरे काही नाही. त्यांनी अर्ज पाहिला आणि पहिल्याच वाक्यावर आले. इंग्रजीतच, पण सावकाश बोलत होते. मागच्या वेळी तुम्ही लिहिलं, मी काम करतो. आज लिहिलंय, केलं. यातलं खरं कुठलं?

सयाजी भाषांतर करायला पुढे झाला, त्याला लालासाहेबांनी हातानं थांबवलं.

“आय वर्क्ड, सर. ट्वेंटी टू सीझन. नाऊ नो.”

मग खोटं का लिहिलं होतं?

“पॅन फुल, सर. रिलीव्हर नॉट कम.”

मॅनेजर पुढे झुकले. भुवया आवळल्या. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही भरलेला पॅन सोडून गेलात? साखरेतल्या माणसाला याहून मोठी शिवी नाही, एव्हाना हे मलाही कळलं होतं. माझ्या जिभेवर शंभर वाक्यं आली, सगळी व्याकरणशुद्ध. मी ओठ घट्ट मिटले.

लालासाहेबांचा चेहरा लाल झाला. ते खुर्चीवरून अर्धे उठले.

“नो सर! आय डिड नॉट लीव्ह. स्टीम लेफ्ट.”

मॅनेजरनी चष्मा काढला. तुम्ही किती वेळ थांबलात?

“मॉर्निंग, सर. अनटिल स्टोन.”

त्यांनी मान हलवली, हळूच. पण सोडलं नाही. म्हणाले, आमच्याकडे तुमच्यासारखे दोघं आले होते. भारतातला त्यांचा जुना कारखाना सुरू झाल्याचं कळलं आणि ऐन हंगामात पळून गेले. माझे पॅन तसेच राहिले. उद्या तुमचा कारखाना उघडला तर तुम्हीही पळणार. मी तुम्हाला का घेऊ?

हाच खरा प्रश्न होता. ‘आय अ‍ॅम वर्किंग’ लिहिणाऱ्या माणसाची भीती त्यांना याचसाठी वाटली होती. एका दिवसापूर्वी हे विचारलं असतं तर लालासाहेबांनी मान खाली घातली असती, मला खात्री आहे.

“नो सर,” ते म्हणाले. “चार्ज गिव्हन. टु तानाजी. टुडे.”

मॅनेजर गोंधळले. हू इज तानाजी?

लालासाहेबांचं इंग्रजी तिथं संपलं. ते सयाजीकडे वळले, “सांगा त्येंला.” आणि पेट्रोल पंपावरचं सगळं, तानाजीच्या टोमण्यांसकट, मराठीत सांगितलं. सयाजी भाषांतर करता करता मध्येच थांबला. जुना केमिस्टच तो. खोकल्याचं निमित्त करून त्यानं पाण्याचा ग्लास उचलला.

मॅनेजर आता हसले. मोठ्यानं नाही. कुणाकडे तरी वळून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले आणि मग आम्हाला सांगितलं की एक हंगाम घेऊन पाहतो. एकच. काम पटलं तर पुढचं पुढे. कागद सयाजीकडे पाठवतो.

बाहेर आल्यावर लालासाहेब पायरीवरच बसले. मी म्हटलं, “उठा, भूक लागलीय मला.” एका खानावळीत जेवलो. त्यांना घास जाईना, मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. अंकिताला फोन लावला. ती नुसती हुंदके देत होती. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि बिल द्यायला उठले.

परतताना सांगायची गरज पडली नाही, पंप आला तशी मीच गाडी आत घेतली. तानाजी लांबूनच बघत आला.

“झालं?”

“एक हंगाम,” लालासाहेब म्हणाले.

“हात्तिच्या! हंगामीच ऱ्हायलास की रं! एवढा समुद्र वलांडून हंगामीच!” तो मोठमोठ्यानं हसला आणि लालासाहेबांच्या पाठीत एक गुद्दा घातला. मग खिडकीशी येऊन मला म्हणाला, “बाई, रागावला न्हाईसा न्हवं? म्हातारी म्हणालो.”

“म्हातारीच आहे. टाकी भर.”

त्यानं पेट्रोल सोडलं. लालासाहेब गाडीला टेकून उभे होते, सकाळच्यापेक्षा जरा सैल. तानाजी नळी धरून आकड्यांकडे बघत होता. मग सहज विचारावं तसं म्हणाला, “आतला दगड अजून तसाच आसंल न्हवं? कुणी फोडला का धुतला?”

“मला काय म्हाईत,” लालासाहेब गाडीत बसत म्हणाले. “आता चार्ज तुझा हाय.”